खंदकाच्या आतली माणसे

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत धारूरचा किल्ला आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने तो १५६७ च्या सुमारास बांधला आणि थोड्याच काळात तो अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेला. आज मला सांगायचे आहे ते त्या निजामशाहीच्या राजधानीतल्या किल्ल्याविषयी. कारण तो पुढे तुरुंग झाला.

नगरचा किल्ला भुईकोट. डोंगराचा आधार नाही, म्हणून भोवती रुंद खंदक. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात त्याला दगडी तट घातला. १५९६ मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तट पाडला, तेव्हा चांदबिबी स्वतः भगदाडापाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा चढवला गेला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये जनरल वेलस्लीने किल्ला घेतला. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी खणलेला खंदक पुढे माणसांना आत ठेवण्याच्या कामी आला.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशा बारा नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणले. त्यांना कुठे ठेवले आहे, हेही सरकारने जाहीर केले नाही. सुरुवातीला पत्रे नाहीत, वर्तमानपत्रे नाहीत.

मौलानांच्या पत्नी झुलेखाबेगम कलकत्त्याला आजारी होत्या. भेटीसाठी सरकारकडे अर्ज करावा, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढायचे त्याच्याकडे सवलत मागायची नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्याची तार आली. आवारात कुणा अनोळखी माणसाची एक जुनी कबर होती. त्या दिवसांत तिच्याकडे पाहताना काय वाटले, ते त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रात लिहून ठेवले आहे. ही पत्रे त्यांनी मित्राला उद्देशून लिहिली, पण तुरुंगातून ती धाडता येत नव्हती.

नेहरूंनी १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि ते किल्ल्यातल्या सहबंदिवानांनाच अर्पण केले. इतिहास, संस्कृत, उर्दू, फारसी जाणणारी माणसे एकाच आवारात होती. त्यांच्याशी झालेल्या चर्चांचा उपयोग झाला, हे नेहरूंनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले आहे. १९८८ मध्ये श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मुळे ते पुस्तक घरोघरी पोचले.

आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे आणि किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आपण मुलांना किल्ले दाखवतो तेव्हा बुरूज मोजायला सांगतो, तोफा दाखवतो. तेवढ्याने किल्ला कळत नाही. त्या भिंतींच्या आत कोण राहिले, त्यांनी काय सोसले आणि काय लिहिले, हेही सांगायला हवे. धारूर असो की नगर, कोसळलेला तट दगड लावून पुन्हा बांधता येतो. विसरलेल्या माणसांच्या बाबतीत तशी सोय नाही.