अद्भुतरम्य कथेचे सहलेखन : दोन मित्रांचा अनुभव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, के. आर. पुरम येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 या भाषणात ‘आम्ही’ हा शब्द वारंवार येणार आहे. तो थोरपणा मिरविण्यासाठी योजिलेला नाही. संस्कृतात एकवचन आणि बहुवचन यांच्या दरम्यान द्विवचन आहे. मराठीने ते टाकून दिले. त्यामुळे दोघांना मिळून काही सांगावयाचे झाल्यास ‘आम्ही’वाचून गत्यंतर नाही. आमच्यापैकी एक या व्यासपीठावर उभा आहे आणि दुसरा समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. आम्ही दोघांनी मिळून एक अद्भुतरम्य प्रेमकथा लिहिली. ती लिहिताना काय साधले, काय बिघडले आणि बिघडलेले कसे सावरले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम या कथाप्रकाराच्या नावाविषयी. जे घडलेले नाही, पण घडू शकेल अशी कल्पना करता येते, त्याचा आधार घेऊन सांगितलेली प्रेमकथा म्हणजे काही परकी वस्तू नव्हे. ‘अद्भुत’ आणि ‘रम्य’ हे दोन शब्द मराठी समीक्षेने पूर्वीच एकत्र जोडले आहेत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. तिच्यामागून नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. आमच्या कादंबरीचा आरंभीचा काळ असा अद्भुतरम्यतेत गेला. पुढे अद्भुताची जागा हळूहळू विज्ञानाने घेतली. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. कीर्तीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, कथेचे मोल कथेवरून ठरावे, हा त्यामागील हेतू. कथा आणि कथेवरील नाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा या प्रसंगाचा धडा आम्हांस पुढे फार उपयोगी पडला.

दोघांनी मिळून लिहिणे मात्र आपल्याकडे विरळा. लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांनी मिळून ‘देवांसि जिवे मारिले’ ही विज्ञानकादंबरी लिहिली, ती या बाबतीत आमच्या डोळ्यांपुढे होती. चित्रपटसृष्टीत सलीम–जावेद या जोडीचे नाव सर्वांस ठाऊक आहे. १९७५ साली पडद्यावर आलेल्या ज्या ‘शोले’ने त्यांचे नाव घरोघर पोचविले, त्याचे चित्रण येथून फार दूर नसलेल्या रामनगरच्या खडकांत झाले. अदृश्य होणाऱ्या नायकाची प्रेमकथा सांगणारा त्यांचा ‘मिस्टर इंडिया’ १९८७ साली आला, तेव्हा ही जोडी फुटून काही वर्षे लोटली होती. चित्रपट आला, पण तो लिहिणारे एकत्र राहिलेले नव्हते. सहलेखनाच्या इतिहासात असे पुन्हापुन्हा घडलेले दिसते.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण इंग्रजी साहित्यातील आहे. जोसेफ कॉनराड आणि फोर्ड मॅडॉक्स फोर्ड यांची भेट १८९८ साली झाली. कॉनराड जन्माने पोलिश, वयाने चाळिशी ओलांडलेले. इंग्रजी ही त्यांनी मोठेपणी शिकलेली भाषा. फोर्ड त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. दोघांनी मिळून १९०१ साली ‘द इनहेरिटर्स’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. चतुर्थ मितीतून आलेली एक स्त्री. तिच्या जातीला दयामाया ठाऊक नाही आणि पुढे पृथ्वीचा वारसा त्याच जातीकडे जावयाचा आहे. एक होतकरू लेखक हे सारे जाणूनही तिच्यावर प्रेम करतो, तिच्या कटाला हातभार लावतो आणि शेवटी रिक्तहस्त राहतो. या कादंबरीतील बहुतेक लेखन फोर्ड यांचे होते, हे आता सर्वमान्य आहे. तथापि मुखपृष्ठावर नावे दोघांची होती. १९०३ साली त्यांची ‘रोमान्स’ आली. १९०९ च्या सुमारास मैत्रीत दुरावा आला. १९२४ साली कॉनराड निवर्तले. त्याच वर्षी फोर्ड यांनी त्यांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले आणि कॉनराड यांच्या पत्नीने त्यातील मजकुरास जाहीर हरकत घेतली. कोणी काय लिहिले, याचा वाद एकाच्या मृत्यूनंतरही मिटला नाही. हा इतिहास आम्ही आमची कथा लिहून झाल्यावर वाचला. आधी वाचला असता तर बरे झाले असते.

आता आमच्या कथेकडे वळतो. आम्ही दोघेही केंद्र सरकारचे नोकर. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ अन्वये प्रासंगिक साहित्यिक लेखनास पूर्वपरवानगी लागत नाही, ही खात्री प्रथम करून घेतली. खरे पाहता कचेरीत सहलेखन रोजच चालते. एकजण टिपणी लिहितो, दुसरा मसुदा करतो, तिसरा त्यात दुरुस्ती करतो आणि सही चौथ्याची होते. तेथे वाक्यावर मालकी कोणी सांगत नाही. म्हणून आम्हांस वाटले, कथा लिहिणे सोपे जाईल. तो भ्रम पहिल्या प्रकरणातच दूर झाला. मसुद्यातील वाक्य खोडले गेल्यास कोणाला झोप लागत नाही असे होत नाही. कथेतील वाक्य खोडले गेल्यास होते.

कथेचे बीज या परिसरातच सापडले. आपल्या शेजारच्या दूरवाणीनगराचे नाव आपण रोज घेतो. ‘दूरवाणी’ म्हणजे कन्नडमध्ये दूरध्वनी. १९४८ साली येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची स्थापना झाली आणि त्या कारखान्याच्या अवतीभवती ही वसाहत वाढली. आमचा नायक १९७० नंतरच्या दशकातील, त्या कारखान्यात यंत्रांची चाचणी घेणारा एक मराठी तरुण. एके रात्री चाचणीच्या मेजावरील चकतीच्या टेलिफोनवर त्याला एका मुलीचा आवाज ऐकू येतो. ती के. आर. पुरममध्येच राहते, पण शंभर वर्षांनंतरच्या. दोघांचे गाव एक, तळे एक, रेल्वेचे रूळही तेच. अंतर आहे ते केवळ काळाचे. दोघांची भेट होणे नाही आणि बोलणे मात्र थांबत नाही.

रविवारी सकाळी तळ्याकाठी फिरताना कथानक ठरावयाचे. नायकाचे बोलणे एकाने लिहावयाचे, नायिकेचे दुसऱ्याने, अशी वाटणी झाली. लवकरच तिचा दोष ध्यानी आला. प्रत्येकजण आपापल्या पात्राचा वकील झाला. नायक अधिकाधिक शहाणा होऊ लागला आणि नायिका त्याला निरुत्तर करू लागली. प्रेम राहिले बाजूस आणि वादविवादस्पर्धा सुरू झाली. सहाव्या प्रकरणापासून आम्ही पात्रांची अदलाबदल केली. शिवाय दोन नियम घातले. जो खोडील, त्यानेच त्या जागी नवे वाक्य लिहावे. नुसते खोडून वही परत करू नये. आणि ज्याने प्रकरण लिहिले, त्याने ते मोठ्याने वाचू नये, दुसऱ्याने वाचावे. आपले वाक्य मित्राच्या तोंडून अडखळताना ऐकले, म्हणजे निराळ्या टीकेची आवश्यकता राहत नाही.

खरा मतभेद झाला तो नायिकेच्या भाषेवरून. आमच्यापैकी एक नागपूरचा, दुसरा साताऱ्याचा. नागपूरकराने लिहिलेली नायिका पहिल्याच रात्री विचारती झाली, “तुम्ही काय करून राहिले?” सातारकराने हरकत घेतली, की शंभर वर्षांनंतरच्या बंगळूरच्या मुलीच्या तोंडी नागपुरी बोली कोठून येणार? पण या थट्टेच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला होता. ही मुलगी मराठी बोलेल तरी का? एकाचे म्हणणे, निश्चित बोलेल. बंगळूर ही १६३८ पासून शहाजीराजांची जहागीर. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे येथूनच तंजावरास गेले. त्या काळी दक्षिणेत उतरलेल्या कुटुंबांच्या वंशजांत तंजावरी मराठी अद्याप घरात बोलली जाते. साडेतीनशे वर्षे जी टिकली, ती आणखी शंभर वर्षे का टिकू नये? दुसऱ्याचे म्हणणे, आपल्याच घराकडे पाहा. मुले आपसांत इंग्रजी बोलतात, बाहेर कन्नड, आणि आईशी मराठीत बोलू लागतात तेव्हा वाक्याचा शेवट मराठीत होत नाही. ती मुलगी कन्नडच बोलेल. नायकाचे मराठी तिला केवळ गोड वाटेल, समजणार नाही. कथेचा शेवट यावरच अडला. मीलन की वियोग, हा वाद वरवरचा होता. आपल्यामागे आपली भाषा राहील की नाही, हा वाद खरा होता. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या मनात तो नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

आणि याच सुमारास ती गोष्ट घडली, जी सांगावयास जड जाते. कथेचा पूर्वार्ध एका वार्षिक अंकात छापण्यासाठी पाठविला होता. सोबतच्या पत्रकावर लेखकाच्या नावासाठी एकच ओळ होती. आमच्यापैकी एकाने तीवर आपले नाव लिहिले. दुसरे नाव मुद्रिते तपासताना घालू, असे मनाशी म्हटले. मुद्रिते आली ती कचेरीच्या वर्षअखेरीच्या धांदलीत. अंक प्रसिद्ध झाला तेव्हा कथेवर एकच नाव होते. अंक काढणाऱ्यांचा यात यत्किंचितही दोष नव्हता. ज्याचे नाव छापले गेले, तोच आज आपणापुढे उभा आहे.

दुसऱ्याने एका शब्दानेही तक्रार केली नाही. फक्त रविवारी तळ्याकाठी येणे बंद केले. आठ महिने वही एकाच घरी पडून राहिली. ज्याचे नाव छापले गेले होते त्याने एकट्याने कथा पुरी करण्याचा प्रयत्न करून पाहिला. नायक बोलत होता, पण पलीकडून उत्तर येईना. जे आले ते नायकाच्याच आवाजात.

अशा वेळी कचेरीच्या कामानिमित्त १९५७ चा कॉपीराइट कायदा हाती आला. संयुक्त लेखनाची त्यात जी व्याख्या आहे, तिचा आशय असा, की ज्या कृतीत एका लेखकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्याहून निराळा काढता येत नाही, तीच संयुक्त कृती. वाटा किती हे कायदा विचारत नाही. तो निराळा काढता येतो का, एवढेच विचारतो. पुढे आणखी एक तरतूद आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. आणि लेखक दोन असल्यास साठ वर्षांची ही गणना जो शेवटी मरण पावेल त्याच्यापासून करावयाची. म्हणजे मागे राहिलेला जिवंत आहे तोवर गेलेल्याचे लेखकत्वही चालू राहते. सरकारी कायद्याच्या एका स्पष्टीकरणात मैत्रीविषयी इतके काही लिहिलेले असेल, अशी कल्पना नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन मित्राच्या घरी जाणे झाले. क्षमा मागितली. चहा झाला. मित्राने वही उघडली आणि सातव्या प्रकरणातील एक वाक्य खोडून त्या जागी दुसरे लिहिले.

शेवट पुढील तीन रविवारांत सापडला. ज्या टेलिफोनवर हे संभाषण चाले, तो चाचणी पुरी होऊन परगावी रवाना होतो. मुलीचा आवाज पुन्हा येत नाही. नायक मग एका वहीत आपल्या घरातील मराठी शब्द लिहून ठेवू लागतो. भांड्यांची नावे, नात्यांची नावे, आईच्या तोंडचे शब्द. लिहिता लिहिता त्याला उमगते, की पहिल्या रात्री ती मुलगी जे अडखळत बोलत होती, ते याच वहीतून वाचलेले होते. वियोग हवा असणाऱ्यास वियोग मिळाला आणि भाषा टिकावी म्हणणाऱ्याची भाषा टिकली. ही वहीची कल्पना कोणाची, हे आज आम्हां दोघांनाही आठवत नाही. कायद्याची व्याख्या त्या दिवशी पुरी झाली, असे आम्ही समजतो.

बंधुभगिनींनो, आज आपल्या के. आर. पुरमला मेट्रो आली आहे. २०२३ सालापासून ती व्हाइटफील्डला जाते आणि शहरातही. नवीन मराठी कुटुंबे येत आहेत. त्यांतील कोणी दोघांनी मिळून काही लिहावयास घ्यावे, अशी आमची विनंती आहे. एकजण अनुभवी आणि दुसरा तरुण असल्यास उत्तमच. आरंभीच दोन्ही नावे लिहावीत, ओळ एकच असली तरी. आणि मंडळाने आपल्या पुढील पत्रकांवर लेखकाच्या नावासाठी दोन ओळी ठेवाव्यात, अशी नम्र सूचना आहे.

हे भाषणही आम्ही दोघांनीच लिहिले आहे. त्यातील दोन वाक्ये तिसऱ्या रांगेत बसलेल्या लेखकाने काल रात्री खोडली आणि नियमाप्रमाणे त्या जागी स्वतःची घातली.