शोधयंत्राच्या दारीं नवें संकेतस्थळ



आमच्या धाड गांवांतील माझ्या दोघां जुन्या विद्यार्थ्यांनीं गांवाची माहिती देणारें संकेतस्थळ उभारलें. चार महिने लोटले. पण शोधयंत्रांत 'धाड' हा शब्द घालावा, तर पोलिसांच्या आणि आयकर खात्याच्या धाडीच तेवढ्या पुढें येतात! गांवाचें नांवच असें वैरी झालें.

परंतु सारा दोष नांवाचा नव्हे. शोधयंत्राचा दूत एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातो. ज्याच्याकडे एकहि दुवा येत नाहीं, तें पान त्याला सहसा सांपडत नाहीं. आपण होऊन पत्ता कळवितां येतो. मात्र त्यानें फार तर सूचींत नोंद होते, मान मिळत नाहीं. १९९८ सालीं लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत जी रीत मांडली, तिचें तत्त्व असें कीं, पानाची योग्यता त्याच्याकडे बोट दाखविणाऱ्या पानांवरून, आणि त्या पानांच्याहि योग्यतेवरून ठरवावी. आज इतर खुणाहि पाहतात. वर्तमानपत्रांपाशीं असे दुवे वर्षानुवर्षें सांचलेले. आमच्या पोरांकडे कोण बोट दाखविणार?

हा नवख्यावर अन्यायच, असें मला वाटे. पण पूर्वीं एकच शब्द पानावर शंभरदां लिहून पुढें घुसणारे लबाड होते, हें कळल्यावर माझा राग कांहींसा निवळला.

विकिपीडियावर दुवा घाला, असें मीं सुचविलें. ते हंसले. २००७ पासून तेथील बाहेरच्या दुव्यांवर 'हा मोजूं नये' अशी खूण असते म्हणे! आतां प्रत्येक मथळ्यांत त्यांनीं 'धाड, जिल्हा बुलढाणा' असें घातलें आहे, आणि तालुक्यांतील शाळांच्या संकेतस्थळांवरून दुवे मागत ते हिंडत आहेत.