खाजकुइली, बिब्बा आणि चीक : मुलांच्या अंगास उठणारी खाज व शाळेतील प्रथमोपचार



शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या ठाणे जिल्ह्यातील तालुक्यांत पुष्कळ प्राथमिक शाळा रानाच्या कडेला वसलेल्या आहेत. मुले शाळेत येतात ती कुंपणाच्या, ओहोळाच्या व माळाच्या वाटेने. शाळेची सहल मलंगगडाच्या किंवा माहुलीच्या पायथ्याशी जाते, तेव्हा कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांतील मुलेही त्याच रानात शिरतात. या वाटांवरील काही वनस्पती कोवळ्या कातडीस बाधतात, आणि अंग ओरबाडणारे किंवा फोडांनी त्रासलेले मूल शिक्षकासमोर येऊन उभे राहते. दवाखाना दूर असतो, आईबाप मजुरीस गेलेले असतात. म्हणून पहिला उपचार बहुधा शिक्षकाच्याच हातून व्हावयाचा असतो. तो करण्यापूर्वी खाजेचे कारण ओळखले पाहिजे, कारण सर्व खाज एका जातीची नसते.

पहिली जात कुसांची. खाजकुइलीचा वेल पावसाळ्यात कुंपणावर व झुडपांवर चढतो. त्यास जांभळ्या फुलांचे घोस लागतात आणि पुढे टोकाशी वळलेल्या, सोनेरी-तपकिरी लवेने मढलेल्या शेंगा येतात. शेंग वाळली की ही लव नुसत्या वाऱ्यानेही उडते. तिचे प्रत्येक कूस सूक्ष्म सुईसारखे कातडीत रुतते आणि काही क्षणांतच असह्य खाज सुटते. १९५५ साली शेली व आर्थर या अमेरिकन संशोधकांनी या कुसांतील खाज उत्पन्न करणारे प्रथिन वेगळे काढून दाखविले. ही खाज ज्या मार्गाने उत्पन्न होते तो नेहमीच्या पित्ताच्या गांधींहून निराळा आहे. म्हणून पित्तावरील गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही.

अशा वेळी मुलास प्रथम चोळू देऊ नये. चोळण्याने कुसे अधिक खोल जातात व इतरत्र पसरतात. मुलास वर्गाबाहेर नेऊन सदरा अलगद उतरवावा. तो डोक्यावरून ओढू नये, नाहीतर कुसे डोळ्यांत जातील. मग चिकटपट्टी कातडीवर हलकेच दाबून उचलावी व दर वेळी नवी पट्टी घ्यावी. पट्टी नसल्यास सैलसर मळलेल्या कणकेचा गोळा त्याच रीतीने वापरावा. त्यानंतर गार पाणी ओतून साबणाने धुवावे. खेडोपाडी अशा वेळी शेण लावतात. कुसे चिकटवून काढावयाची ही कल्पना योग्यच आहे; परंतु ओरबाडलेल्या कातडीस शेण लागल्यास धनुर्वाताचे भय असते, आणि तेच काम कणीक निर्धोकपणे करते. कूस डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा पंधरा मिनिटे धुवावा व मुलास डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरी जात चिकाची. बिब्बा, काजू व आंबा ही तिन्ही एकाच कुळातील झाडे होत. बिब्ब्याच्या सालीतील काळे तेल इतके पक्के की परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या अंगावर याच खुणांमुळे पुरळ उठे. अमेरिकेत ‘पॉयझन आयव्ही’ नावाच्या वेलीने मुलांच्या अंगावर फोड येतात. ती वेलही याच कुळातील असून तिचे तेल बिब्ब्याच्या तेलाचे सख्खे भावंड आहे. ती वेल आपल्या रानात नाही. परंतु दारावर लिंबू-मिरचीसह टांगलेला बिब्बा आहे, भाजलेल्या काजूबियांचे टरफल आहे, आणि चैत्र-वैशाखात कैरी तोडताना देठातून उडणारा चीक आहे. कैरी दाताने तोडणाऱ्या मुलांच्या ओठांभोवती जे चट्टे उठतात, ते याच चिकाचे.

या खाजेची खूण अशी की, ती तत्काळ उठत नाही. बहुधा एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून शिक्षकाने “आज काय केलेस?” एवढेच न विचारता “काल-परवा कोठे गेला होतास?” असेही विचारावे. चीक लागल्याचे तेव्हाच कळले, तर विलंब न लावता भरपूर पाण्याने व साबणाने धुवावे. पहिली काही मिनिटे मोलाची असतात. नखांखाली साबण फिरवावा आणि कपडे वेगळे धुण्यास सांगावे. धुण्याआधी तेल चोळू नये, त्याने चीक पसरतो. फोड उठल्यावर मात्र गार पाण्यात भिजवलेली स्वच्छ घडी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून अनेकदा ठेवावी, कॅलामाइन लोशन लावावे, नखे कापावी. फोड फोडू नयेत. चुना, राख किंवा रॉकेल लावू नये. आणि बिब्ब्याने उठलेल्यावर पुन्हा बिब्बाच फासण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नये.

येथे एका अन्यायाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. अंगावर फोड दिसताच अशा मुलास ‘लागट रोग’ समजून एका कोपऱ्यात बसविले जाते किंवा घरी पाठविले जाते. फोडांतील पाण्यात झाडाचे तेल नसते, त्यामुळे ते दुसऱ्यास लागत नाही. लागतो तो कपड्यांवर व नखांत राहिलेला चीक. कांजिण्यांत ताप येतो व फोड पोट-पाठीवर विखुरतात. खरजेत खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असते आणि घरातील इतरांनाही ती असते. चिकाचे फोड जेथे स्पर्श झाला तेथेच, पुष्कळदा रेघेसारखे उठतात. एवढा भेद शिक्षकास कळला, तरी मुलाचे शाळेचे दिवस वाचतील व सोबत्यांत त्याची मानहानी होणार नाही.

चेहरा किंवा डोळे सुजल्यास, फोडांत पू झाल्यास, ताप आल्यास किंवा पुरळ अंगभर पसरल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालयेही आहेत. श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शिक्षकाने पोटात घेण्याचे औषध स्वतः देऊ नये, आणि पालकांस निरोप धाडण्यास विसरू नये.

शेवटी, खाजकुइली सोबत्याच्या सदऱ्यात टाकणारा खोडकर मुलगा शाळेत असावयाचाच. त्यास छडीपेक्षा फळ्यावर काढलेले शेंगेचे चित्र अधिक शिकविते. परिसर अभ्यासाच्या तासाला त्या शेंगेची, बिब्ब्याची व कैरीच्या देठाची ओळख करून द्यावी. वेल दुरूनच दाखवावा. बिब्बा शेकोटीत टाकू नये, त्याचा धूरही बाधतो, हे सांगावे. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत साबणाची वडी, चिकटपट्टी, स्वच्छ जुने सुती कापड व कॅलामाइनची बाटली असावी, आणि ती पेटी कुलपात न ठेवता हाताशी येईल अशा जागी ठेवावी.