सहा भावांचं घर आणि बाहेरची सोयरीक

(मंडळाच्या मासिक सभेत मनामा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी अर्थतज्ज्ञ नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर आणि पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. कार्यकारिणीने "मुक्त व्यापार करारावर बोल" असं सांगितलं तेव्हा आमची सौ. म्हणाली, "लोक चार गप्पा मारायला येतात, त्यांना झोपवू नकोस म्हणजे झालं." तेव्हा आकडे कमी आणि गोष्ट जास्त असा प्रयत्न करतो.

या विषयाशी माझी गाठ पडली ती एका चुकीमुळे, आणि चूक माझीच होती. २०२२ साली मी इथल्या एका व्यापारी कंपनीचं ईआरपी बसवत होतो. त्यात मालाचा 'कंट्री ऑफ ओरिजिन' भरायचा एक रकाना होता. मी डोकं लढवलं आणि सप्लायरच्या पत्त्यातला देश तिथे आपोआप येईल अशी सोय केली. टेस्टिंग झालं, सह्या झाल्या, सगळे खूश. महिनाभरात कंपनीचा ट्रक कॉजवेवर अडकला. माल शेजारच्याच आखाती देशातून आलेला, पण तिथल्या फ्री झोनमध्ये जुळवलेला. सौदी अरेबियाने जुलै २०२१ मध्ये नियम बदलले होते आणि फ्री झोनमधल्या मालाला 'आखाती माल' म्हणून मिळणारी सवलत काढून घेतली होती. कागद पुन्हा करावे लागले, शुल्क भरावं लागलं आणि गिऱ्हाईक नाराज झालं ते वेगळंच. त्यांचा मल्याळी क्लिअरिंग एजंट शांतपणे मला म्हणाला, "सर, माल कुठून आला ते नको. कुठे बनला ते सांगा."

त्या एका वाक्यामुळे मी रात्री जागून करारमदार वाचायला लागलो. आज जे सांगणार आहे ते त्यातूनच आलं आहे.

जीसीसी, म्हणजे आखाती सहकार्य परिषद, २५ मे १९८१ रोजी अबू धाबीत स्थापन झाली. सौदी, कुवेत, अमिराती, कतार, ओमान आणि आपलं बहारीन असे सहा भाऊ. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखंच समजा. प्रत्येकाची खोली वेगळी, पण अंगण एक. १ जानेवारी २००३ पासून त्यांनी कस्टम्स युनियन सुरू केली. बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर सगळीकडे ५ टक्के शुल्क, मूलभूत खाद्यपदार्थ वगैरेंना सूट. माल ज्या दारातून आत येईल तिथे एकदाच शुल्क भरायचं, मग तो सहाही घरांत फिरायला मोकळा.

हे सहा जण मिळून बाहेर सोयरीक जमवायला निघाले की काय होतं? आपल्याकडे लग्नाच्या याद्या करायला बसतात तेव्हा आठवा. नवरा-नवरीचं एकमेकांशी पटलेलं असतं. अडतं ते काका, आत्या आणि मानपानावर.

युरोपबरोबर नेमकं तेच झालं. १९८८ मध्ये दोन्ही गटांत सहकार्य करार झाला, १९९० मध्ये मुक्त व्यापाराची बोलणी सुरू झाली. तेव्हा युरोपच्या घरात १२ सदस्य होते. बोलणी थंडावली आणि २००२ मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा १५ होते. २००४ मध्ये २५ झाले, २००७ मध्ये २७. प्रत्येक नव्या सदस्याबरोबर नवी मागणी! इकडे जीसीसीत महत्त्वाच्या गोष्टी एकमतानेच ठरतात. एकाची मान आडवी हलली की विषय बंद.

अडलं कुठे? पहिला मुद्दा ॲल्युमिनियमचा, जो थेट आपल्या गावातला आहे. आपली 'अल्बा' १९७१ पासून धातू ओतते आहे आणि युरोप कच्च्या ॲल्युमिनियमवर ६ टक्के शुल्क घेत होता. इथल्या लोकांना ते काढून हवं होतं. दुसरा मुद्दा पेट्रोकेमिकल्सचा. युरोपातले कारखानदार म्हणत, तुमच्याकडे गॅस स्वस्त, आम्ही तुमच्या मालाशी टक्कर द्यायची कशी? तिसरा मानवी हक्कांच्या कलमाचा. आणि शेवटचा निर्यात शुल्काचा. युरोपला वचन हवं होतं की आखाती देश निर्यातीवर शुल्क लावणार नाहीत. इकडचं म्हणणं, तो आमचा अधिकार आहे, आम्ही लिहून देणार नाही. डिसेंबर २००८ मध्ये जीसीसीने बोलणी थांबवली. अठरा वर्षं खर्ची पडली आणि करार शून्य!

गंमत अशी की त्याच काळात दुसऱ्या एका युरोपीय गटाशी जमून गेलं. आइसलँड, लिख्टेनश्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या चौघांच्या 'एफ्टा' गटाबरोबर २२ जून २००९ रोजी करार झाला आणि १ जुलै २०१४ पासून तो लागू झाला. घर लहान, मागण्या मोजक्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच असतं. स्टेकहोल्डर दुप्पट झाले की मीटिंगा चौपट होतात.

मग कुणीतरी विचारेल की एकेकट्याने करार का करू नये? ते धाडस याच आपल्या छोट्याशा बहारीनने केलं. १४ सप्टेंबर २००४ रोजी बहारीनने अमेरिकेशी स्वतंत्र करारावर सही केली. सौदीला ते अजिबात रुचलं नाही. त्यांचा सवाल बिनतोड होता. अंगण एक असताना तुम्ही तुमच्या दारातून अमेरिकी माल फुकट आत घ्याल, तर आमच्या ५ टक्क्यांचं काय? डिसेंबर २००४ ची जीसीसी शिखर परिषद इथे मनामात होती, तिला सौदीचे युवराज अब्दुल्ला आले नाहीत. ज्या भावाकडे जायला आपल्याला २५ किलोमीटरचा एकच पूल आहे, त्याचा रुसवा परवडणारा नसतो. तरीही करार टिकला आणि १ ऑगस्ट २००६ पासून लागू झाला. मग ओमाननेही अमेरिकेशी तसाच करार केला.

म्हणजे लहान देशापुढे कायमचा पेच हा. सगळ्यांबरोबर राहिलं तर वजन मिळतं पण वर्षं जातात. एकटं गेलं तर काम लवकर होतं पण घरात कुरबूर होते.

आता आपल्याकडे येतो. मागच्या सभेनंतर एक काका म्हणाले, "अरे, हे सगळं ठीक, पण आपल्याला काय त्याचं?" काका, बहारीनमध्ये १९६५ पर्यंत रुपया चालत होता. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. हा संबंध आपल्या व्हिसापेक्षा फार जुना आहे.

भारत आणि जीसीसी यांनी २५ ऑगस्ट २००४ रोजी दिल्लीत आर्थिक सहकार्याच्या चौकट करारावर सह्या केल्या. २००६ आणि २००८ मध्ये बोलण्यांच्या दोन फेऱ्या झाल्या आणि गाडी थांबली. शेवटी भारताने अमिरातींशी वेगळा संसार मांडला. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सही, १ मेपासून अंमल, आणि सगळी बोलणी जेमतेम ८८ दिवसांत! नोव्हेंबर २०२२ मध्ये जीसीसीबरोबरची बोलणी पुन्हा सुरू करण्याचा इरादा जाहीर झाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये भारत-ओमान करारावर मस्कतमध्ये सह्या झाल्या. युरोपीय संघानेही २०२५ मध्ये अमिरातींशी स्वतंत्र बोलणी सुरू केलीच.

आपल्यातले जे भारतातून माल मागवतात त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमिरातींच्या करारातली सवलत अमिरातींनी दिली आहे, बहारीनने नाही. "दुबईत शुल्क लागलं नाही, मग इथे कशाला?" हा हिशेब करून माल बोलावू नका. मालाचा मूळ देश, त्याचं सर्टिफिकेट, तो कुठल्या फ्री झोनमधून फिरला हे सगळं माल निघायच्या आधी तपासा. माझ्या गिऱ्हाइकाला ते ट्रक अडकल्यावर कळलं आणि मलाही.

आणि जे माझ्यासारखे नोकरदार आहेत त्यांनाही सांगतो. करार फक्त डब्यांचे आणि धातूचे नसतात, त्यात सेवाही येतात. आपल्या माणसांना बाहेर काम करण्याची सोय मिळावी ही भारताची अशा बोलण्यांमधली नेहमीची मागणी असते. आपण सगळे त्या एका ओळीत बसतो. म्हणून पेपरात "फेरी पार पडली" एवढीच बातमी आली तरी ती पूर्ण वाचा.

मी तो रकाना नंतर दुरुस्त केला. आता तो आपोआप भरत नाही. कुणीतरी कागद बघून हाताने भरावा लागतो. ऑपरेटर मला शिव्या घालतात, पण तेव्हापासून त्या कारणाने ट्रक अडकलेला नाही.

सौ. घड्याळ दाखवते आहे, तेव्हा थांबतो. चहा तयार आहे, प्रश्न तिथेच विचारा.