सायकल आपली, पाना कुणाचा?

(मूल तालुक्यातील महिला मेळाव्यात, सायकल-दुरुस्तीच्या प्रात्यक्षिकाआधी केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आणि मागे दाटीवाटीनं बसलेल्या आठवी-नववीच्या पोरींनो,

बायकांच्या हक्काच्या मेळाव्यात पंक्चरचं काय काम, असा प्रश्न काहीजणींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. दारूचा, जमिनीचा, मारहाणीचा विषय सोडून ही बाई चेन आणि ब्रेक घेऊन बसली! पण आपल्या गावांत घरोघर फिरताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघते. पडवीत सायकल उभी असते. चाकात हवा नसते, सीटवर कोंबडी बसलेली असते. विचारावं तर माय सांगते, "पोरीला शाळेतून मिळाली होती, पंक्चर झाली, मग राहूनच गेलं." सायकलही राहिली आणि अकरावीही राहिली. कुणी शाळेत जाऊ नको म्हटलं नाही, कुणी दार बंद केलं नाही. नुसती हवा गेली.

सायकलनं काय होतं याचा पुरावा आहे. बिहार सरकारनं २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. हा फरक मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या गावांत दिसला. म्हणजे अडचण पोरींच्या डोक्यात नव्हती, अंतरात होती.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. लांबच्या पोरींसाठी एस.टी.च्या निळ्या बसेस आल्या. चांगलं झालं. पण २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कोरोनानंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या. तेव्हा कोण शाळेत पोचलं? जिची सायकल चालू होती ती, नाहीतर जिच्या भावाला मोटारसायकलवर सोडायला वेळ होता ती. संपकऱ्यांच्या मागण्यांबद्दल माझं काही वेगळं मत नाही. मी फक्त एवढंच म्हणते की बस आपल्या हातात नसते. सायकल असू शकते.

'असू शकते' म्हणते, कारण अनुदान सायकल घ्यायला मिळतं. पुढचं कोण बघणार? दुरुस्तीचं दुकान तालुक्याच्या चौकात, तिथं चार माणसं बिड्या ओढत बसलेली. पोर एकटी जायला लाजते, मग भाऊ घेऊन जातो. दुरुस्त झाली की आठ दिवस तोच फिरवतो. ज्याच्या हातात पाना, त्याची सायकल. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण घराघरात चालतो.

तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ साली साक्षरता मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत तिथल्या कलेक्टर होत्या. त्यांनी मोहिमेत सायकल शिकण्याचा भाग घातला आणि हजारो बायका सायकलवर बसल्या. लेडीज सायकली मिळेनात, तर त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून काहींना त्याच बऱ्या वाटल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीवाल्या, सगळ्या. टिंगल झालीच. पण बाजाराला माल नेणं, पाणी आणणं, पोराला दवाखान्यात नेणं यासाठी पुरुषाची वाट बघणं संपलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलंय.

आता कामाचं बोलू.

निम्म्या वेळा जे 'पंक्चर' असतं ते पंक्चर नसतंच. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी असते, तिला वाल ट्यूब म्हणतात. आपल्या चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, त्या उन्हात ती नळी कुजते आणि हवा हळूहळू सुटते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट लावा. फुगा आला तर नळी बदला. दोन मिनिटांचं काम, चॉकलेटच्या किमतीत. दोन इंच नळी दप्तरात ठेवून द्या.

खरं पंक्चर असेल तर टायर चमच्याच्या दांड्यानं काढता येतो. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबा, बुडबुडे येतील तिथं खूण करा. वाळवा, काचकागदानं घासा, सोल्यूशन लावा आणि थांबा. इथं सगळ्या घाई करतात. बोटाला चिकटायचं बंद झालं की मग पॅच दाबा. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. बाभळीचा काटा आतच असला तर फाट्यापर्यंतही पोचणार नाही.

चेनचं मोजमाप पट्टीनं होतं. चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. इंचाचा आठवा भाग जास्त भरला तर चेन ताणली, बदला. नाहीतर ती दाते खाते आणि खर्च तिप्पट होतो. रोवणीच्या दिवसांत बांधीचा चिखल चेनवर वाळू देऊ नका. घुग्घुसकडच्या पोरींना कोळशाच्या धुळीचं तेच. आधी चिंधीनं पुसा, मग तेल. धुळीवर तेल म्हणजे पॉलिश पेपरच.

आणि डावं पायडल उलट्या आट्याचं असतं. ते सोडवायचं तर पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचा. हे माहीत नसल्यानं भल्याभल्यांनी आटे मोडलेत, त्यांत पुरुषच जास्त!

सीटचं मी जरा लांबवते. आपल्या सगळ्या पोरींच्या सीटा खाली असतात, कारण शिकवणारा म्हणतो, "दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत." मग गुडघे पोटाशी येतात आणि चार किलोमीटरमध्ये मांड्या भरून येतात. टाच पायडलवर ठेवा. पायडल खाली गेलं की पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी सीट वर चढवा. थांबताना पुढं उतरायचं. पहिले दोन दिवस भीती वाटते.

चढ जड जातो? बहुतेक सायकलींना पुढं ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतात. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर बरोबर दोन वेळा. वेग थोडा कमी होतो, पण रेशनचं पोतं घेऊन चढ चढता येतो. चेनची एक जोडी वाढवावी लागते. हे दुकानात करून घ्या, पण काय पाहिजे ते तुम्ही सांगा. "ताई, तुम्हाला नाही कळणार," म्हणाला तर दाते मोजून दाखवा.

पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचं रबर घसरतं. लोहखनिजाचे ट्रक धावतात त्या आलापल्ली-आष्टीसारख्या रस्त्यावर हे जिवावर बेततं. ओल्यात खूप आधीपासून ब्रेक लावत चला आणि झिजलेलं रबर वेळेत बदला. मागच्या चाकाला जाळीचं गार्ड हवंच. ओढणी, पदर आणि मागं बसलेल्या लेकराचा पाय, तिन्ही वाचतात.

दिव्याबद्दल सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या बायांनी नीट ऐका. डायनामो चाक फिरतं तेवढाच वेळ उजेड देतो. चढावर उतरून चाललात की अंधार, आणि नेमका तेव्हाच वाघाचा भरवसा नाही. म्हणून बॅटरीचा दिवा वेगळा लावा, आणि पहाटे-सांजेला चौघी मिळून निघा.

मागं एकीनं विचारलं होतं, शहरातल्यासारखी घडीची सायकल आपल्याला का नको? बसमध्ये नेता येईल. कल्पना चांगलीच आहे. इंग्लंडात अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात घडीची ब्रॉम्प्टन तयार केली ती याचसाठी, म्हणजे अर्धा रस्ता गाडीनं, अर्धा सायकलनं. पण तिचं चाक १६ इंची. आपल्या मुरमाच्या खड्ड्यात ते अख्खं बसतं. शिवाय घडीचे सांधे आवळत राहावे लागतात आणि त्या मापाची ट्यूब आठवडी बाजारात मिळत नाही. आपल्याकडे आशाताई आणि कॉलेजच्या पोरी फाट्यावरच्या चहावाल्याकडे सायकल ठेवून बस धरतात. मला तेच बरं वाटतं. फक्त तिथं एक पत्र्याची शेड आणि साखळीला खांब हवा. ती मागणी येत्या ग्रामसभेत लेखी द्यायची. सोबत शाळेत एक पंप, पान्यांचा एक संच आणि पंक्चरचा डबा. किल्ली मुलींच्या गटाकडे.

चला, अंगणात तीन सायकली उलट्या करून ठेवल्यात. लाल सायकलच्या मागच्या चाकात मी मुद्दाम काटा ठेवलाय. पहिल्यांदा आठवीच्या पोरी पुढं या, बाकीच्यांनी घमेल्यात पाणी भरा.