पंचवीस फेऱ्या

(सोलापूर येथे मुलींच्या वसतिगृहाच्या क्रीडादिनी एका क्रीडाशिक्षिकेने केलेले भाषण)



बक्षिसे वाटण्याआधी मला तुमच्याशी एका आदिवासी मुलीविषयी बोलायचे आहे. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या कविता राऊत यांना सारे ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून ओळखतात. लहानपणी त्या लांबून पाणी आणत आणि अनवाणी धावत. पुढे नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या.

२०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून त्यांनी कांस्यपदक मिळवले. वेळ होती ३३ मिनिटे ५ सेकंद. नोव्हेंबरात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर त्यांनी ३१ मिनिटे ५१ सेकंदांत कापले आणि रौप्यपदक घेतले. सुवर्ण मिळवणारी आपलीच प्रीजा श्रीधरन त्यांच्यापुढे एक सेकंदभरही नव्हती! २०१२ मध्ये ताईंना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये त्या १२० व्या आल्या, पण शर्यत पुरी केली.

बायकांना एवढे अंतर झेपणार नाही, असे जग फार दिवस म्हणत होते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू झाली ती थेट १९८४ मध्ये. त्या वेळी पोर्तुगालच्या रोझा मोटाने कांस्य मिळवले आणि १९८८ मध्ये सेऊलला सुवर्ण. तीही एकाच शर्यतीवर थांबली नाही.

आईवडिलांनो, दहा हजार मीटर म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. दहाव्या फेरीला कुणी धावणारीला हात धरून बाहेर ओढले, तर ती हरली असे म्हणाल का? दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. धाकट्याला सांभाळायला, भाकरी थापायला थोरली मुलगी बरोबर जाते. मार्चमध्ये परीक्षा येते तेव्हा ती फडावर असते. पोटासाठी जावे लागते, हे मला ठाऊक आहे. म्हणून एवढेच मागते: तुम्ही जा, मुलीला इथे राहू द्या. धाकट्यांचीही सोय होईल का, ते आपण बसून बघू.

आणि मुलींनो, पदक मिळेल न मिळेल. आपल्या फेऱ्या मात्र पुऱ्या करायच्या.