मतदानापुरता थांबलेला भाव



आपण जमलो आहोत त्या शिंदे की छावनीतच १९२४ साली अटलबिहारी वाजपेयींचा जन्म झाला. नोव्हेंबर १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने पेट्रोल महाग केले, तेव्हा निषेध म्हणून ते बैलगाडीतून संसदेत गेले. तेव्हा भाव सरकारच ठरवी. जाब कुणाला विचारायचा, हे उघड होते.

आज तसे नाही. जुनी दरनियंत्रण पद्धत २००२ मध्ये, वाजपेयींच्याच सरकारच्या काळात, बंद झाली. २०१० मध्ये पेट्रोल आणि २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. भाव आता बाजार ठरवतो, असे आपल्याला सांगितले जाते.

मग या तारखा पाहा. २०१२ मध्ये उत्तर प्रदेशची निवडणूक आटोपली आणि मे महिन्यात पेट्रोल एकदम सात रुपयांहून अधिक वाढले. २०१८ मध्ये कर्नाटकात १२ मे रोजी मतदान झाले. तोवर सुमारे तीन आठवडे दर गोठलेले होते, ते १४ मेपासून चढू लागले. २०२२ मध्ये कच्चे तेल शंभर डॉलरच्या वर गेले, तरी पाच राज्यांचे निकाल लागेपर्यंत पंपावरचा भाव हलला नाही. पुढे २२ मार्चपासून सोळा दिवसांत लिटरमागे सुमारे दहा रुपये वाढले. १५ मार्च २०२४ रोजी भाव दोन रुपयांनी उतरला आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. सत्ता काँग्रेसची असो वा भाजपची, बाजाराला मतदानाची तारीख बरोबर कळते!

ही सवलत नव्हे, उधारी आहे. मत दिल्यावर ती आपल्याकडूनच वसूल होते: भाजीच्या भावात, मुलांच्या रिक्षाभाड्यात, पेन्शनीतून.

शिवाय लिटरच्या किमतीत केंद्राचे उत्पादन शुल्क आहे आणि राज्याचा व्हॅटही आहे. झाशीला पेट्रोल आपल्या ग्वाल्हेरपेक्षा स्वस्त मिळते, ते मुख्यतः या व्हॅटमुळे. प्रचारात मात्र प्रत्येक पक्ष फक्त दुसऱ्याच्या कराबद्दल बोलतो.

म्हणून आम्ही सुचवतो की, मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष न पाहता, तीनच प्रश्न विचारावेत. तुमचे सरकार एका लिटरवर किती कर घेते? तो किती कमी करणार, आणि कधी? कच्चे तेल उतरले, तर त्याचा लाभ किती दिवसांत देणार? उत्तरे लेखी घ्यावीत. ती आपण याच पत्रकात छापू, आणि निकालानंतर सहा महिन्यांनी पुन्हा छापू.